नारायणरावांची दुसरी नळी

जिल्हाधिकारी कार्यालय, बुलढाणा
शस्त्र परवाना शाखा
दि. १६ नोव्हेंबर १९६४

प्रति,
श्री. नारायणराव, परवानाधारक, मु. सोनाळा

विषय : शिकारी रायफल नग एक, बदलत्या नळ्या नग दोन. पाहणीबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या परवान्यावर एकाच रायफलीची नोंद असून, सदर रायफलीस एकीच्या जागी दुसरी बसविता येईल अशा दोन नळ्या असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी रायफल व दोन्ही नळ्या दि. २१ डिसेंबरच्या आत समक्ष दाखवाव्यात. तसे न केल्यास परवान्याचे नूतनीकरण होणार नाही व शस्त्र जमा करून घेण्यात येईल.

जिल्हाधिकाऱ्यांकरिता,
जानराव, लिपिक

ता. क. नारू, वरचं सरकारचं, हे माझं. घाबरू नकोस, जिल्ह्यातल्या सगळ्याच बंदूकवाल्यांना बोलावलंय. पण बाकीच्यांचं सरळ आहे, तुझीच तेवढी दोन नळ्यांची. नवे साहेब चक्रावले आहेत. ही एक बंदूक धरायची की दोन, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आमचे शाळासोबती आहेत, विचारून सांगतो. तर सांग.


सोनाळा, २१ नोव्हेंबर १९६४

॥ श्री ॥

जानराव यास नारायणचा रामराम.

तुझ्या साहेबाला माझ्याकडून विचार, माणसाजवळ धोतरं दोन असली तर त्याच्या बायकोला नवरे दोन होतात का? कुंदा एक, चाप एक, मालक एक. नळी तेवढी बदलते.

तू ही बंदूक कधी नीट पाहिली नाहीस म्हणून लिहितो. ऑस्ट्रियाची बनावट. खामगावच्या जिनिंगचा गोरा मॅनेजर पंधरा वर्षांपूर्वी देश सोडून निघाला तेव्हा घेणारे पाच-सहा जण होते. त्याने मला निवडलं. म्हणाला, तू हिच्याकडे ज्या नजरेने पाहतोस तसं माझ्या मडमेकडेही कोणी पाहिलं नाही. अक्रोडाचा कुंदा, हिरव्या मखमलीची पेटी, पेटीत एक छोटी किल्ली. किल्ली फिरवली की नळी सुटते आणि दुसरी बसते. जाड नळी रानडुकराला, बारीक नळी हरणाला. परवाना पिकाच्या राखणीचा, आणि सातपुड्यातून आमच्या ज्वारीत उतरतात ती डुकरं. म्हणून जाड नळी कायम बंदुकीवर असते आणि बारीक नळी तेलाच्या फडक्यात, मखमलीवर झोपलेली असते.

आमच्या घरात पेटीला हात लावायची कोणाला मुभा नाही. रुख्मिणीला तर तिच्याकडे पाहायचीही नाही. शेतापर्यंत पेटी उचलून नेतो तो एकटा आमचा राखणदार सहदेव. दोन्ही नळ्या एकत्र वर्षातून एकदाच, दसऱ्याला, बाहेर निघतात. हळदकुंकू होतं, झेंडूचा हार होतो, आणि पुन्हा पेटीबंद. असं हे सगळं शिस्तीचं आहे. पाच तारखेच्या एस.टी.ने येतो आणि तुझ्या साहेबाचे डोळे दिपवतो.

तुझा,
नारायण


बुलढाणा, २६ नोव्हेंबर १९६४

प्रिय नारू,

जयभीम. धोतराचं उत्तर मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं नाही. मला अजून आठ वर्षं नोकरी करायची आहे. फाइलवर 'बंदूक एकच' असं लिहून घेतलं. पण दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहायच्या, हा त्यांचा हट्ट कायम आहे. कुठल्याशा तालुक्यात एकाची जादा नळी म्हणे चोरट्या शिकाऱ्याजवळ निघाली. तेव्हापासून साहेब नळीचं नाव काढलं की खुर्चीत ताठ बसतात.

तुझ्या शिकारीचं म्हणशील, तर पंधरा वर्षांत तुझ्या नावावर डुक्कर एक. तेही, सहदेव सांगतो, आवाजाला दचकून विहिरीत पडलं. सहदेव माझा चुलतभाऊ आहे म्हणून मी त्याची बाजू घेत नाही, पण तो खोटं बोलत नाही हे तूही जाणतोस. नारू, चष्मा घे. शिकाऱ्याला चष्मा शोभत नाही हे तुझं म्हणणं मी पंधरा वर्षं ऐकतोय. आज अशी गत आहे की डुकराला तू दिसतोस आणि तुला डुक्कर दिसत नाही.

येताना वहिनींच्या हातच्या कळण्याच्या भाकरी आण. तुझ्या घरी मी किती वेळा जेवलो त्याची गणती नाही, पण सगळं ओसरीवर. वहिनींचा हात चवीने ओळखतो. आत घर कसं आहे ते मात्र मला ठाऊक नाही. असो, हे सरकारी कामात येत नाही.

तुझा,
जानराव


सोनाळा, ७ डिसेंबर १९६४

जानराव यास रामराम.

पाच तारखेला निघणारच होतो. कोट घातला, पेटी काढली, आणि तेवढ्यात बैल बसला. बैल उठेपर्यंत एस.टी. गेली. दुसऱ्या दिवशी रुख्मिणीला ताप आला. आज तिसरंच काही आहे. घर म्हटलं की हे चालायचंच.

एक सहज विचारतो. समजा, एखाद्या माणसाने बंदूक आणली, जाड नळी आणली, आणि बारीक नळीचं नुसतं वर्णन सहीनिशी लिहून दिलं, तर चालतं का? लांबी, रंग, वजन, सगळं देईन म्हणतो. म्हणजे तो माणूस देईल. समजा.

नारायण


बुलढाणा, १० डिसेंबर १९६४

प्रिय नारू,

तू आयुष्यात कधी 'समजा' म्हटलं नाहीस. गुरुजी गणित घालताना 'समजा एका दुकानात' म्हणायचे तेव्हा तू 'कोणत्या दुकानात' असं विचारून छड्या खायचास. काय झालं ते सरळ लिही.

आज दहा तारीख. एकवीसला साहेब शेरा मारणार. बारीक नळी नसली तर बंदूक जमा, आणि नळी कोणाजवळ आहे त्याची चौकशी वेगळी. मी कारकून आहे, देव नाही. पण आधी कळलं तर काही करता येईल.

जानराव


सोनाळा, १३ डिसेंबर १९६४

जानराव,

लिहितो. बाहेर बोलू नकोस.

पाच तारखेला पेटी उघडली. फडकं उलगडलं, तर आत नळी नाही. नळीच्या जागी लोखंडाचा पाइप. चोर साधासुधा नव्हे. फडकं रिकामं लागू नये म्हणून त्याने दीड हाताचा पाइप अगदी मापाने कापून, घासून-पुसून, गुंडाळून ठेवलाय. एक टोक घासूनही काळपट राहिलंय. दुसरं टोक इतकं गुळगुळीत, की कशाने केलं ते कळत नाही, कानस तर नक्कीच नाही. मधे थोडी हळद लागलेली. हळद कशाला ते उमगलं नाही. करणीबिरणी असावी.

पेटीला हात लावणारे दोघेच, मी आणि सहदेव. त्याला बोलावून विचारलं. चेहरा न हलवता म्हणाला, "मालक, मले काऊन इचारता? घरात इचारा." म्हणजे चोर तो चोर, आणि वर माझ्या घराकडे बोट. रुख्मिणीही अधूनमधून बोलायला येते. तिला सांगितलं, बंदुकीच्या गोष्टीत बायकांनी पडू नये. तीनदा सांगावं लागलं.

येत्या शनिवारी, एकोणीसला, मी ठाण्यात जाऊन सहदेवचं नाव देणार आहे. तुझा भाऊ आहे हे मला कळतं, आणि लिहिताना बरं वाटत नाही. पण ही बंदूक गेली तर मी कोण? शेती माझ्याहून मोठी चार जणांची आहे. गावात मला 'बंदूकवाले' म्हणतात, तेवढंच काय ते माझं आहे.

नारायण


बुलढाणा, १६ डिसेंबर १९६४

नारू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला.

आधी रागाचं. सहदेवने तीस वर्षं तुझं पीक राखलं. तुझ्या शेतातला एक भुट्टा त्याने न विचारता घरी नेला नाही. ठाण्यात एकदा नाव लागलं की आमच्या वस्तीतल्या माणसाचं ते निघत नाही. पुढे कोणाची कोंबडी हरवली तरी आधी त्याला बोलावतील. शनिवारी तू ठाण्याची पायरी चढलास तर आपली दोस्ती तिथेच उतरली असं समज. हे मी कारकून म्हणून लिहीत नाही.

आता हसण्याचं. बुलढाण्याला एकटा राहत होतो तेव्हा सहा वर्षं मी माझी चूल स्वतः पेटवली. त्या अनुभवावर सांगतो. तो चोराचा पाइप घे. गुळगुळीत टोक ओठांना लाव. फुंक. काही आठवतं का? तुला आठवणार नाही, कारण तो जिथला आहे त्या खोलीत तू पाऊल टाकत नाहीस.

तेव्हा शनिवारी ठाण्यापर्यंत चार मैल जाऊ नकोस. घरातल्या घरात दहा पावलं चाल. माजघर ओलांड, पुढचा उंबरा ओलांड, आणि वहिनी भाकरी करत असतील तिथे बस. त्यांच्या हातात काय आहे ते पाहा. एवढं चष्म्याशिवायही दिसेल.

साहेबांना सांगून रविवारी पाहणीला मीच सोनाळ्याला येतो.

जानराव


सोनाळा, १७ डिसेंबर १९६४

जानरावभाऊजींना रुख्मिणीचा नमस्कार.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. यांना सांगितलेलं नाही. पत्र टपालात टाकायला सहदेवभाऊंकडे देते आहे. ज्याच्यावर आळ आहे तोच हे पत्र घेऊन चाललाय.

नळी चोरीला गेलेली नाही. ती माझ्याजवळ आहे. दसऱ्याला यांनी पाटावर बंदूक मांडली. त्याच पाटावर मी आमची हत्यारं मांडली, विळी, उलथनं, मुसळ, आणि राखेने घासून चकचकीत केलेली फुंकणी. पूजा सगळ्यांची एकच. सोनं लुटायला निघायची यांना घाई, डोळ्याला चष्मा नाही. झेंडूचे हार बाजूला सारले, हाताला लागलं ते फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत घालून कुलूप लावून गेले. मी पाट उचलायला आले तर माझी फुंकणी नाही. तिच्या जागी एक नवी. काळीभोर, वजनदार, वर इंग्रजी अक्षरं कोरलेली. ती बारीक नळी मी आजवर कधी नीट पाहिलेली नव्हती, दसऱ्यालाही ती हारांखाली झाकलेली असायची.

भाऊजी, मला वाटलं, यांनी माझ्यासाठी आणली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, न मागता काही आलं नव्हतं. मी शेजारच्या मंजुळाबाईला बोलावून दाखवली. संध्याकाळी लाडू केले. हे म्हणाले, आज काय विशेष, तर मी लाजले. आता आठवलं की डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

फुंकणी मात्र अशी की आयुष्यात पाहिली नाही. भोक बारीक, आत गोल गोल रेघा, वारा सरळ निखाऱ्यावर जातो. कपाशीची ओली पऱ्हाटीसुद्धा दोन फुंकांत पेटते.

पाच तारखेला हे 'नळी गेली' म्हणून ओरडले तेव्हा मला कळलं माझ्या हातात काय आहे. सांगायला गेले, तीनदा गेले. तीनदा यांनी हात वर केला, बायकांनी पडू नये. मग मलाही हट्ट चढला. म्हटलं, नळी चुलीपुढे आहे, चूल यांच्याच घरात आहे, कधीतरी उंबरा ओलांडतील. आज बारा दिवस झाले. माजघरात बसून हे गरम भाकरी मागतात, त्याच नळीने फुलवलेल्या निखाऱ्यावरची भाकरी खातात, आणि खाता खाता चोराला शिव्या देतात. हसू दाबताना मला ठसका लागतो. तुम्हाला ताप म्हणून कळवलं तो हाच.

पण परवा सहदेवभाऊंचं नाव ठाण्यात द्यायचं ठरलं, आणि माझं हसू गेलं. ते रोज मागच्या दारी चहा घेतात. तिथून चूल समोर दिसते. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? तर म्हणाले, "बाई, तुमच्या चुलीची गोष्ट मी भाईर काऊन सांगू? मालकाले लोक हसतीन. माह्यावर आळ आला त आला." त्या माणसाने आमच्या घराची लाज राखली आणि मी गंमत पाहत बसले. मला याची फार लाज वाटते.

तुम्ही या. पाहणी करायची ती चुलीपुढे करा. ओसरीवर पान वाढणार नाही. आजवर वाढलं ते सासूबाईंपासून चालत आलं म्हणून, पण वाढणारे हात माझे होते, तेव्हा मोडतेही मीच. तुम्हा तिघांचे पाट स्वैपाकघरात मांडते, सहदेवभाऊंचाही. कोणी कुरकुर केली तर नळी मिळणार नाही, मग साहेब येवोत की त्यांचे साहेब येवोत.

तुमची वहिनी,
रुख्मिणी


जिल्हाधिकारी कार्यालय, बुलढाणा
दि. २१ डिसेंबर १९६४

पाहणी अहवाल (नक्कल परवानाधारकास)

दि. २० रोजी मौजे सोनाळा येथे समक्ष पाहणी केली. कुंदा एक, बरोबर. जाड नळी एक, बरोबर. बारीक नळी एक, परवानाधारकाच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उजव्या हातास, चालू स्थितीत मिळून आली. सदर नळीतून वाऱ्याखेरीज काही सुटत नसल्याची खात्री केली. बंदूक एक, नळ्या दोन. नूतनीकरणास हरकत नाही. परवानाधारकास चष्मा घेण्याची तोंडी समज दिली.

जानराव, लिपिक

ता. क. नारू, चुलीचं आणि वाऱ्याचं वाक्य साहेबांनी तांबड्या शाईने खोडलं, बाकी मंजूर केलं. खोडताना त्यांचे खांदे हलत होते. परवाना आठवड्यात निघेल.

शनिवारी तू ठाण्यात गेला नाहीस, याचं मला किती बरं वाटलं ते तुला सांगायचं राहून गेलं. वहिनी म्हणाल्या, माझं सोळा तारखेचं पत्र वाचून तू तास-दीड तास ओसरीवर पाइप ओठाला लावून बसला होतास आणि मग उठून आत आलास. ती दहा पावलं तुला जड गेली असतील.

मलाही गेली. तुमच्या चुलीचा जाळ चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिला. तिसरी भाकरी मागून घेतली ती भुकेसाठी नाही. वहिनींना एवढं सांग.

सहदेवचं काय ते तू बघ. तो जेवला सगळं, पण त्याने तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.


सोनाळा, २७ डिसेंबर १९६४

जानराव यास रामराम आणि जयभीम.

खामगावला जाऊन चष्मा आणला. घरी येऊन लावला तर पहिलं काय दिसलं असेल? रुख्मिणीचे केस. किती पांढरे झालेत. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

सहदेवकडे गेलो. पिकाचं सगळं तो माझ्या दारात येऊन सांगतो, त्यामुळे त्याच्या दारात मी तीस वर्षांत गेलो नव्हतो. त्याची बायको पंचफुला अंगणात तूर पाखडत होती, मला पाहून सूप खाली ठेवून उभी राहिली. वाटेत फार मोठं भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरलो. "चुकलो, सहदेव," एवढंच म्हटलं. त्याने खाली ठेवलेलं सूप उचलून पंचफुलाच्या हाती दिलं. मग म्हणाला, "चोर म्हटलं याचं नाही लागलं मालक. तीस सालात तुमी मले वयखलं नाही, हे लागलं." ओळखलं नाही ते खरंच, जानराव.

पंचफुलाने चहा केला, तो बाहेर नाही, आत चुलीपुढे बसून प्यालो. निघताना तो बरोबर आला. म्हणाला, आता पेटी तुम्हीच उचलत जा, मी पुढे चालतो आणि तुम्हाला डुक्कर दाखवतो. काल तसंच केलं. पेटी बरीच जड आहे, जानराव. डुक्कर दिसलं. चष्म्यातून इतकं मोठं दिसलं की मीच विहिरीत पडायचा राहिलो.

आता नळीचं. ती रुख्मिणी देत नाही. जुनी फुंकणी पुढे केली, नाही म्हणाली. म्हणून चष्म्याच्या वेळीच खामगावहून एक पितळी फुंकणी आणली होती, ती काढली. तिने मागितली नव्हती, मी सांगितलं नव्हतं. नुसती चुलीपुढे नेऊन ठेवली. तिने हातात घेतली, उलटीपालटी केली, पदराने पुसली. डोळे धुराने भरले म्हणाली. चूल तेव्हा पेटलेली नव्हती.

मग उठली, माझी पेटी काढली, बारीक नळीच्या जागी मखमलीवर ती पितळी फुंकणी ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हणाली, ही रोजच्या वापराची नाही.

"आणि माझी नळी?" मी विचारलं.

चुलीपुढे बसून तिने राखेतला निखारा फुलवला, नळी पदराआड केली, आणि माझ्याकडे न पाहता हात वर केला. "आधी परवाना दाखवा."

तो लवकर पाठव.

तुझा,
नारू